दळीचा कागद

विड्याच्या पानाला लावावयाचा कात हा खैराच्या झाडापासून होतो. खैराचे खोड तोडून त्याचा बाहेरचा पांढरा भाग काढून टाकतात आणि आतील तांबूस गाभ्याच्या लहान लहान ढलप्या करतात. या ढलप्या मातीच्या मडक्यांत पाणी घालून तासन्‌तास उकळल्या म्हणजे त्यांचा अर्क पाण्यात उतरतो. तो आटवून दाट झाला की त्याच्या वड्या पाडून वाळवितात. हे काम दिसावयास सोपे, परंतु मोठ्या कौशल्याचे आहे. झाड कोणते निवडावे, गाभा कितपत पिकला आहे, जाळ कोठवर ठेवावा, हे सारे अनुभवानेच कळते. कोकणातील डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आलेल्या लोकांना त्यावरूनच कातकरी किंवा काथोडी हे नाव मिळाले.

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात महाड व पोलादपूर हे तालुके आहेत. महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावलेली सावित्री नदी घाट उतरून पोलादपुरावरून महाडला येते आणि पुढे समुद्राला मिळते. या खोऱ्याच्या दोन्ही अंगांना सह्याद्रीच्या सोंडा उतरलेल्या आहेत. तळात भातशेती, उतारावर नाचणी आणि वरी, त्याच्या वर रान, अशी येथील भूमीची सर्वसाधारण ठेवण आहे. महाडजवळ बिरवाडीच्या परिसरात आता मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. तेथील रासायनिक कारखान्यांची धुराडी दूरवरून दिसतात. रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला गाव दिसते, कारखाने दिसतात; परंतु गावाच्या शिवेपलीकडे, बहुधा चढावर वसलेली पंधरावीस घरांची कातकरीवाडी क्वचितच त्याच्या दृष्टीस पडते. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणमातीचा लेप, आणि आता कोठे कोठे विटांची पक्की घरे, असे तिचे रूप असते.

महाराष्ट्रातील कातकऱ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे पावणेतीन लाखांहून अधिक होती. त्यांतील बहुतेक लोक रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत राहतात. रान हेच त्यांचे कोठार होते. कंद, रानभाज्या, मध, ओढ्यातील मासे व खेकडे, डिंक, औषधी मुळ्या यांची त्यांना असलेली माहिती एखाद्या मोठ्या ग्रंथात मावणार नाही. उतारावरची थोडी जागा साफ करावी, पालापाचोळा व फांद्या जाळून राब करावा, आणि पहिल्या पावसाबरोबर नाचणी पेरावी, एवढी त्यांची शेती. ही जमीन कोणाची, असा प्रश्न त्यांना कोणी विचारीत नव्हते आणि त्यांनाही तो पडत नव्हता.

हा प्रश्न प्रथम विचारला तो इंग्रज सरकारने. रेल्वेच्या रुळांखाली घालावयाचे लाकूड, जहाजांसाठी लागणारा साग आणि शहरांतील चुलींसाठी सरपण यांची गरज वाढू लागली, तेव्हा रानाला पैशांत किंमत आली. १८६५ मध्ये पहिला वनकायदा झाला. १८७८ मध्ये त्याहून कडक कायदा आला. त्यान्वये सरकारला एखादे रान राखीव म्हणून जाहीर करता येऊ लागले. जाहीर करण्यापूर्वी लोकांचे हक्क विचारात घेण्याची तरतूद कायद्यात होती, हे मात्र येथे नमूद केले पाहिजे. सरकारने जाहिरात काढावयाची, ठराविक महिन्यांची मुदत द्यावयाची, आणि ज्याचा कोणाचा त्या रानावर हक्क असेल त्याने मुदतीत अधिकाऱ्यापुढे लेखी अर्जाने किंवा स्वतः हजर राहून तो सांगावयाचा, अशी ती रीत होती. मुदतीत जो हक्क सांगितला गेला नाही, तो सर्वसाधारणपणे संपला असे समजण्यात येई.

कागदावर ही रीत न्यायाची दिसते. परंतु ज्याला अक्षरओळख नाही, जो वर्षातून काही महिने कामासाठी रानोमाळ हिंडतो आणि ज्याच्या वाडीपर्यंत सरकारी शिपाई कधी जातही नाही, त्याला ती जाहिरात कळावी कशी? कित्येक पिढ्यांचा हक्क अशा रीतीने काही महिन्यांत नाहीसा झाला. ज्यांचा तो गेला त्यांपैकी अनेकांना तो गेल्याचे वनरक्षकाने कोयता हिसकावून घेतला तेव्हाच समजले असेल. खैर तोडणे हा गुन्हा ठरला आणि कात करणाऱ्या लोकांचा कात सुटला.

वनखात्याच्या जाचाविषयी ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांतून इतका बोभाटा झाला, की सरकारला १८८५ मध्ये एक चौकशी आयोग नेमावा लागला. आजचा रायगड जिल्हा तेव्हा, आणि पुढे १९८१ पर्यंत, कुलाबा या नावाने ओळखला जात असे. रानावाचून या भागातील शेतकऱ्यांचे व आदिवासींचे चालत नाही, हे सरकारलाही दिसत होते. आणि रानातील कामांना माणसे हवी असतील, तर ती रानाजवळ टिकविणे भाग होते. म्हणून वनखात्याने डोंगरउतारावरील काही तुकडे कातकरी व ठाकर यांना नाचणी-वरी पिकविण्यासाठी देण्याची पद्धत ठेवली. अशा तुकड्याला दळी म्हणतात.

दळी पुष्कळदा एकेका कुटुंबाला न देता एका गटाला दिली जाई आणि त्या गटाच्या नाईकाचे नाव कागदावर येई. वर्षाचा आकार भरला म्हणजे जमीन कसता येत असे. मालकी मात्र वनखात्याचीच राहिली. जमीन विकता येत नसे, गहाण टाकता येत नसे, आणि खात्याच्या मनात आले तर ती काढूनही घेता येत असे. तरीसुद्धा आकार भरल्याची पावती किंवा नाईकाच्या नावाचा जुना कागद म्हाताऱ्या माणसांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, आढ्याला टांगून जपून ठेवलेला असे. तो वाचता येत नसला तरी त्याची किंमत त्यांना पक्की ठाऊक होती. सरकारने आपले अस्तित्व मान्य केल्याचा तेवढाच एक पुरावा त्यांच्यापाशी होता.

जगात अन्यत्र जेथे युरोपीय लोक जाऊन राहिले, तेथील मूळ रहिवाशांशी त्यांनी पुष्कळ ठिकाणी रीतसर तह केले. न्यूझीलंडमध्ये ६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइतांगी या ठिकाणी इंग्रजांचा प्रतिनिधी आणि माओरी लोकांचे प्रमुख यांनी एका तहनाम्यावर सह्या केल्या. या तहाच्या दोन प्रती होत्या, एक इंग्रजीत आणि एक माओरी भाषेत. दोहोंचा अर्थ एक नव्हता. इंग्रजी प्रतीप्रमाणे माओरींनी आपले सार्वभौमत्व राणीला दिले होते. माओरी प्रतीत त्या जागी केवळ कारभार चालविण्याचा अधिकार, अशा अर्थाचा शब्द होता. या फरकापायी उत्पन्न झालेले वाद दीड शतकाहून अधिक काळ चालले आणि त्यांचा निवाडा करण्यासाठी १९७५ मध्ये खास न्यायाधिकरण स्थापन करावे लागले.

महाराष्ट्राच्या शिवेलगतही असा एक करार झालेला आहे. नाशिकच्या उत्तरेस डांगचे अरण्य आहे. तेथे भिल्ल राजांची सत्ता होती आणि साग विपुल होता. इंग्रजांनी १८४२ मध्ये या राजांशी करार करून लाकूड तोडण्याचा हक्क मिळविला आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना दरसाल रक्कम देण्याचे मान्य केले. डांग १९६० मध्ये गुजरातेत गेला. तथापि राजांच्या वंशजांना सालियाना देण्याचा रिवाज सुटला नाही. होळीच्या सुमारास आहवा येथे डांग दरबार भरतो आणि त्यात तो समारंभपूर्वक देण्यात येतो.

कातकऱ्यांशी असा तह कोणी केला नाही. त्यांचा राजा नव्हता, गढी नव्हती, फौज नव्हती. ज्याच्याशी लढावे लागत नाही त्याच्याशी तह करण्याची गरज राज्यकर्त्यांना वाटत नाही, हे इतिहासात वारंवार दिसून येते. दळीचा कागद हाच काय तो त्यांचा करारनामा, आणि तोही एका बाजूने केव्हाही मोडता येण्याजोगा.

महाडच्या इतिहासात १९२७ हे वर्ष फार महत्त्वाचे आहे. गावातील चवदार तळे सार्वजनिक होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावेत, असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडला आणि मुंबई कायदे कौन्सिलने तो १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे हे दोन ठराव दप्तरात पडून राहिले. तळ्यावर जाण्याचे धाडस कोणी करू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पायऱ्या उतरून त्यांनी ओंजळभर पाणी घेतले, आणि तो ठराव तेव्हा कोठे खरा झाला. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागला तो १९३७ च्या मार्च महिन्यात. एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे लागली.

त्याच १९२७ च्या सप्टेंबर महिन्यात भारतीय वन अधिनियम संमत झाला. आधीचे कायदे एकत्र करून हा नवा कायदा करण्यात आला होता. राखीव वनात परवानगीवाचून नांगर घालणे, गुरे चारणे, फांदी तोडणे, हे सारे अपराध म्हणून त्यात पुन्हा लिहिले गेले. महाडास पाण्याचा हक्क मागितला जात होता त्याच वर्षी भोवतालच्या डोंगरांचे कुलूप अधिक घट्ट झाले. या दोन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नाही. परंतु ज्याच्या हातात ठराव आहे त्यालाही तळ्यापर्यंत चालत जावे लागते आणि ज्याच्या हातात काहीच नाही त्याला आपल्याच रानात चोर व्हावे लागते, या दोन्ही गोष्टी कुलाबा जिल्ह्याने एका वर्षात पाहिल्या.

पुढे तीन वर्षांनी याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातील चिरनेर गावी, जंगल सत्याग्रह झाला. २५ सप्टेंबर १९३० रोजी आसपासच्या गावांतील लोक आक्कादेवीच्या डोंगरावर जमले. वनकायदा मोडण्यासाठी त्यांनी झाडांना कोयते लावले. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जे हुतात्मे झाले त्यांमध्ये नाग्या महादू कातकरी हा तरुण होता. स्वातंत्र्याच्या लढ्यातील अनेक वीरांची नावे मुलांना पाठ असतात. हे नावही त्यांत असावयास हवे.

स्वातंत्र्य जवळ आले तेव्हा देशाची राज्यघटना तयार करण्यासाठी घटना समिती बसली. १३ डिसेंबर १९४६ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंनी तिच्यापुढे उद्दिष्टांचा ठराव मांडला. त्या ठरावावर १९ डिसेंबर रोजी जयपाल सिंह मुंडा बोलावयास उभे राहिले. ते छोटा नागपूरचे. मुंडा या आदिवासी जमातीत त्यांचा जन्म झाला, ऑक्सफर्डला त्यांचे शिक्षण झाले आणि १९२८ च्या ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे ते कर्णधार होते. आपल्याला लोक जंगली म्हणून हिणवितात, परंतु त्याची आपणास लाज वाटत नाही, असे त्यांनी सभागृहाला ऐकविले. आपल्या लोकांचा इतिहास लुबाडणुकीचा व आपल्या भूमीवरून हुसकावले जाण्याचा इतिहास आहे. तरीही स्वतंत्र भारतात संधीची समानता येईल आणि कोणी उपेक्षित राहणार नाही या नेहरूंच्या शब्दावर आपण विश्वास ठेवतो, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. लोकशाही आदिवासींना शिकवावी लागत नाही, तीच त्यांच्याकडून शिकण्याजोगी आहे, असेही ते म्हणाले. 'आदिवासी' हाच शब्द घटनेत यावा असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही आणि घटनेत 'अनुसूचित जमाती' हा शब्द आला.

घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या या घटनेचे पंधरावे कलम पाहिले म्हणजे महाडची आठवण झाल्यावाचून राहत नाही. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराला कोणासही अटकाव करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. समानतेचे तत्त्व सांगून न थांबता विहिरी आणि तलाव यांची नावे घटनेत घालावी लागली, यावरून तो प्रश्न किती खरा होता हे कळते.

आदिवासींसाठी घटनेने निराळी व्यवस्था केली. कोणत्या जमाती अनुसूचित मानावयाच्या ते राष्ट्रपतींनी जाहीर करावे, असे ठरले. १९५० मध्येच निघालेल्या त्या आदेशात मुंबई राज्याच्या यादीत कातकरी व काथोडी ही नावे आली. कायदेमंडळांत व नोकऱ्यांत त्यांच्यासाठी जागा राखल्या गेल्या. याखेरीज, आदिवासी वस्ती अधिक असलेले प्रदेश अनुसूचित क्षेत्र म्हणून जाहीर करावयाचे आणि घटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे तेथे राज्यपालांना विशेष अधिकार द्यावयाचे, अशीही योजना झाली. एखादा कायदा तेथे लागू होऊ नये असे वाटल्यास राज्यपाल तसे जाहीर करू शकतात. आदिवासींची जमीन परक्या हाती जाऊ नये म्हणून ते निर्बंधही घालू शकतात. १९९६ मध्ये संसदेने कायदा करून अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना आपली साधनसंपत्ती व रूढी सांभाळण्याचा मोठा अधिकार दिला.

परंतु ही अनुसूचित क्षेत्रे ठरविताना एक रेषा ओढली गेली. महाराष्ट्रात नंदुरबार, नाशिक, पालघर, ठाणे, गडचिरोली इत्यादी जिल्ह्यांचे काही भाग त्या रेषेच्या आत आहेत. रायगड जिल्हा बाहेर राहिला. परिणाम असा, की पालघरमधील एखाद्या गावच्या कातकऱ्याला जे संरक्षण मिळते ते महाड-पोलादपूरच्या कातकऱ्याला मिळत नाही. माणूस तोच, बोली तीच, दारिद्र्यही तेच; भेद केवळ नकाशावरील रेषेचा. येथील वाड्या लहान आणि विखुरलेल्या आहेत. प्रत्येक वाडी कोणत्या ना कोणत्या मोठ्या गावाला जोडलेली असते, आणि गावाच्या ग्रामसभेत वाडीतील पाचपंचवीस मते सहज हरवून जातात. संख्या पाहून रेषा ओढणाऱ्यांना असे विखुरलेले लोक दिसत नाहीत, हा त्या पद्धतीतील मोठाच दोष म्हटला पाहिजे.

आदिवासींची जमीन परवानगीवाचून बिगर आदिवासीला घेता येऊ नये, असा निर्बंध महाराष्ट्राने १९७४ मध्ये अधिक कडक केला आणि तो साऱ्या राज्याला लागू आहे. तथापि ज्याच्या नावे सातबाराच नाही त्याला या निर्बंधाचा उपयोग थोडा. कातकऱ्यांपैकी पुष्कळांची घरेसुद्धा दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. पूर्वी शेतीच्या कामासाठी जमीनमालकाने त्यांना बसविले, आणि ते तेथेच राहिले. जमिनीला भाव नव्हता तोवर कोणी हटकले नाही. रस्ते रुंद झाले, कारखाने आले, शहरातील लोक डोंगराच्या कुशीत बंगले बांधू लागले, तेव्हा जुन्या वाड्यांना 'जागा खाली करा' असे निरोप येऊ लागले.

पोटासाठी ही कुटुंबे दिवाळीनंतर घर बंद करून वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात. मुकादमाने पावसाळ्यात दिलेली उचल तेथे राबून फेडावयाची आणि मृग लागण्याच्या सुमारास परत यावयाचे, असा त्यांचा वर्षाचा क्रम असतो. मुलेही बरोबर जातात. शाळेच्या हजेरीपटावर नोव्हेंबरनंतर ज्यांच्या नावापुढे रिकाम्या चौकटी दिसतात, ती बहुधा हीच मुले.

दळीच्या कागदाचे भाग्य उघडण्यास स्वातंत्र्यानंतर साठ वर्षे लागली. २००२ मध्ये केंद्र सरकारच्या वन मंत्रालयाने वनजमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश काढला, आणि जे लोक तेथे वनखात्याच्याही आधीपासून होते त्यांनाच अतिक्रमण करणारे ठरवून देशभर घरे व पिके उठविली जाऊ लागली. त्याविरुद्ध आदिवासींच्या संघटनांनी मोठे लढे दिले. रायगड जिल्ह्यातील दळीधारकही त्यांत होते. अखेर डिसेंबर २००६ मध्ये संसदेने अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा कायदा केला. वनवासी लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे, ही कबुली या कायद्याच्या प्रास्ताविकातच दिलेली आहे. सरकारने आपल्याच कायद्यात असे लिहावे, ही गोष्ट क्वचित घडते.

या कायद्याच्या तिसऱ्या कलमात हक्कांची मोठी यादी आहे. कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क तीत आहे. मध, बांबू, डिंक, औषधी वनस्पती इत्यादी गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क आहे. रान राखण्याचा व त्याची व्यवस्था पाहण्याचा साऱ्या गावाचा मिळून हक्क आहे. आणि त्याच यादीत, सरकारने वनजमिनीवर पूर्वी दिलेले पट्टे, भाडेपट्टे किंवा अनुदाने यांचे पक्क्या हक्कात रूपांतर करून मागण्याचा हक्कही आहे. दळी म्हणजे असाच दिलेला पट्टा. जो कागद खात्याच्या मर्जीवर अवलंबून होता, तोच आता हक्काचा आधार झाला.

जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेली असली पाहिजे आणि हक्क प्रत्यक्ष कसल्या जाणाऱ्या क्षेत्रापुरताच, फार तर चार हेक्टरांपर्यंत, मिळतो. ही जमीन मुलांना वारशाने मिळते. विकता मात्र येत नाही. विवाहित दावेदाराच्या बाबतीत पती व पत्नी अशी दोघांची नावे पट्ट्यावर घालावीच लागतात. ज्या प्रदेशात सातबारावर स्त्रीचे नाव शोधूनही सापडत नसे, तेथे ही तरतूद लहान म्हणता येणार नाही.

दावा प्रथम ग्रामसभेपुढे ठेवावयाचा असतो. ग्रामसभा एक वनहक्क समिती निवडते. समितीची माणसे प्रत्यक्ष डोंगरावर जाऊन जमीन पाहतात, हद्दी फिरतात, नकाशा करतात. ग्रामसभेने दावा मान्य केला म्हणजे तो प्रांताच्या पातळीवरील समितीकडे जातो आणि शेवटचा निर्णय जिल्हा समिती देते. १८७८ च्या कायद्यात हक्क सांगण्यासाठी माणसाला अधिकाऱ्यापुढे जावे लागे. येथे चौकशी गावातून सुरू होते, हा या दोन कायद्यांमधील मोठा फरक आहे.

पुरावा कोणता चालतो हे पाहण्यासारखे आहे. आकाराच्या पावत्या, वनखात्याने केलेल्या दंडाच्या पावत्या, जुने नकाशे, हे कागद तर चालतातच. कधी काळी नांगर धरल्याबद्दल आजोबांना झालेला दंड आज नातवाच्या उपयोगी पडावा, हा दैवाचा चमत्कारिक न्याय होय! परंतु कागद नसला तरी दावा बुडत नाही. शेताचे जुने बांध, घराचे जोते, लावलेली झाडे, विहीर, पूर्वजांना पुरलेली जागा, देवाचे ठाणे, या खुणाही पुरावा म्हणून नियमांत सांगितल्या आहेत. शिवाय दावेदाराखेरीज गावातील अन्य वृद्ध माणसांचा जबाब लिहून घेतला जातो. हा आंबा कोणी लावला, अमुक साली दरड आली तेव्हा नाचणीचे खाचर कोठवर होते, पलीकडची दळी कोणाच्या आजाची, असे ज्याला सांगता येते त्या निरक्षर म्हाताऱ्याच्या आठवणीला कायद्याने दप्तराच्या शेजारी बसविले.

कायदा झाला म्हणजे सर्व सुरळीत झाले, असे मात्र घडले नाही. मोजणी न करताच काही दावे नाकारले गेले. काहींना अर्ध्याच क्षेत्राचा पट्टा मिळाला. कित्येकांना नकाराचे कारणही लेखी कळविले गेले नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना वनजमिनीवरून हटवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना दिला आणि देशभर खळबळ उडाली. पंधरा दिवसांतच, २८ फेब्रुवारी रोजी, न्यायालयाने तो आदेश स्थगित केला आणि दावे कोणत्या रीतीने फेटाळले गेले याची माहिती राज्यांकडून मागविली. त्या पंधरा दिवसांत वाड्यावाड्यांतून लोकांची झोप कशी उडाली असेल, याची कल्पना करता येईल.

याउलट, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड लोकांच्या लहानशा गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर रानावरील सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक होय. आपल्या रानातील बांबू विकण्यासाठी वाहतुकीचा परवाना आपणच देणार, असा आग्रह गावाने धरला आणि दोन वर्षांनी तो मान्य करवून घेतला. तेथे गाव एकजिनसी होते आणि अनेक वर्षे प्रत्येक प्रश्न सर्वसंमतीने सोडविण्याची त्याने सवय लावून घेतली होती. सावित्रीच्या खोऱ्यातील वाड्यांना हे दोन्ही अनुकूल नाही.

इतर देशांतही या प्रश्नाला याच सुमारास नवे वळण मिळाले. कॅनडाने १९८२ च्या आपल्या घटनेत मूळ रहिवाशांचे चालत आलेले हक्क व त्यांच्याशी झालेले तह यांना मान्यता दिली. ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांना घटनेत विशेष स्थान द्यावे की नाही यावर २०२३ मध्ये सार्वमत घेण्यात आले. तेथील बहुसंख्य मतदारांनी ते नाकारले. संयुक्त राष्ट्रसंघाने १३ सप्टेंबर २००७ रोजी मूळ रहिवाशांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ मतांनी संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. मात्र स्वातंत्र्यसमयी येथे असलेले सर्वच भारतीय मूळ रहिवासी होत, अशी भारताची भूमिका आहे. त्यामुळे कातकऱ्यांच्या हक्काचा खरा आधार त्या जाहीरनाम्यात नाही. तो भारताच्या घटनेत आणि २००६ च्या कायद्यात आहे.

वनहक्काची मोजणी करणारे पथक बहुधा रान मोकळे झाल्यावर, फाल्गुन-चैत्रात डोंगर चढते. त्या वेळी वाडीतील कर्ती माणसे भट्टीवर गेलेली असतात आणि घरांना बाहेरून कड्या असतात. मागे राहिलेल्या असतात त्या दोनचार म्हाताऱ्या आणि एखादा थकलेला म्हातारा. समितीला जबाब हवा असतो तो त्यांचाच. काठी टेकीत ते पुढे होतात, उतारावरचे दगड एकेक करून दाखवितात आणि कोणत्या दगडापासून कोणाची दळी सुरू होते ते सांगत जातात. खालच्या बाजूस, नदीपलीकडे, कारखान्यांची धुराडी दिसत असतात. लिहून घेणारा हातातील कागदावर दगडांच्या खुणा करीत त्यांच्या मागोमाग चालतो.